हरकत हवी आहे

त्रिशलाचा ठराव मंजूर व्हायला एका सेकंदाचा तिसरा हिस्सा लागला. लिहायला तिला दीड वर्ष लागलं होतं.

"झाला?" मी स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं.

"झाला," ती म्हणाली. "एकमताने."

मी टाळ्या वाजवणार होतो, पण हाताला फणसाचा चीक होता. चौदा हजार सभासद आणि एकही विरोध नाही, म्हणजे घरात निदान शिरा तरी व्हायला हवा. पण त्रिशला पडद्याकडे अशी बघत बसली होती, जणू कुणी तिला अगत्याने जेवायला बोलावलं आणि दारातच डबा हातात देऊन दार लावून घेतलं.

"तू वाचलास ना?"

"म्हणजे काय! मस्त झालाय."

"शेवटच्या पानावर काय आहे?"

"शेवटच्या पानावर..." मी थोडा विचार केला. "समारोप."

शेवटच्या पानावर तक्ता होता, हे मला नंतर कळलं. माझं मत माझ्या मुखत्याराने दिलं होतं, मी फणस सोलत असताना.

हे मुखत्यार प्रकरण आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर पुढे शेळी आली की गोंधळ होईल.

कंपन्या कुणी हाकलून लावल्या नाहीत. त्यांची गरज हळूहळू संपली. कंपनी म्हणजे शेवटी काय, तर मोठ्या कामाचे तुकडे करायचे, ते माणसांना वाटायचे, झालेले तुकडे परत जोडायचे आणि मधल्या वेळात मीटिंग घ्यायची. पहिली तीन कामं जाळ्याला आपोआप जमायला लागली. चौथ्याची कुणाला आठवण आली नाही. जाळं म्हणजे घरोघरचे डबे. तांदळाच्या डब्याएवढा एकेक संगणक, एकमेकांना जोडलेला. मधोमध बसलेला मोठा संगणक नाही, मालक नाही, मुख्य कार्यालय नाही. कामाचा प्रत्येक तुकडा जाळं तीन वेगवेगळ्या ठिकाणी पाठवतं, दोन उत्तरं जुळली की खरं मानतं आणि पुढे सरकतं. डबा कायम कोमट असतो. आमच्या शेजारच्या आक्काताई त्यावर दही लावतात. जगातली निम्मी आकडेमोड अशी विरजणाखाली चालते.

आमच्या शिरोळ तालुक्याने या जाळ्याची रीतसर सहकारी संस्था केली. आमच्याकडे दोन माणसं एका बांधावर बसली की तिसरा पोटनियम लिहायला घेतो, त्यामुळे यात नवल नाही. संस्थेचं नाव एकजीव कामवाटप सहकारी जाळं. आमचं गाव आळतवाडी, आणि मी गेली सहा वर्षं तिथला कामकरी सभासद आहे. काम काय करतो? सकाळी मला एका एक्सरेतल्या डाव्या बाजूच्या फासळ्या दाखवतात. दुपारी एका करारातलं नववं वाक्य ऐकवून हे रागाने लिहिलंय का विचारतात. संध्याकाळी एखाद्या पुलाचा एक नट. काम झालं की ते जातं. त्याचं पुढे काय होतं ते मला माहीत नाही. पूल झाला असेल किंवा पापड.

आता, मालक नाही म्हटल्यावर सगळे निर्णय सभासदांनीच घ्यायचे. रोजचे दोन-तीनशे ठराव. कोण वाचणार? म्हणून प्रत्येकाच्या डब्यात एक मुखत्यार असतो. तो तुमच्या वतीने मत देतो. मुखत्याराला अक्कल नसते, सवय असते. म्हणजे तो तुमची जुनी मतं ऐकतो आणि अशा आवाजानंतर कसा आवाज येतो एवढंच शिकतो. बाकीच्या जगात लोकांनी मुखत्यारांना आपल्या चर्चा, भांडणं, पत्रव्यवहार ऐकवले. आमच्याकडे काय होतं? गावच्या दूध संस्थेच्या, सोसायटीच्या, पाणीपुरवठ्याच्या वार्षिक सभांची तीस वर्षांची ध्वनिमुद्रणं. ती ऐकवली.

आमच्याकडची वार्षिक सभा ज्याने पाहिली आहे त्याला पुढचं सांगायला नको. ज्याने पाहिली नाही त्याच्यासाठी: सचिव उठतो, "ठराव क्रमांक" म्हणतो, आणि क्रमांक कितवा हे कळायच्या आत मांडवातून "मंजूर! मंजूर!" असा आवाज उठतो. मग भजी येतात.

मुखत्यार यातून जे शिकायचं ते बरोबर शिकले. ठराव आणि मंजुरी यांच्या मध्ये काहीच नसतं.

यात कुणाचं काही बिघडलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. उलट आमचा तालुका राज्यात सगळ्यात जलद निर्णय घेणारा ठरला. परदेशातून एक अभ्यासगट आला. "तुमच्यात मतभेद होत नाहीत?" त्यांनी विचारलं. "होतात की," आक्काताई म्हणाल्या, "पण ते लग्नात." मी एकदा गंमत म्हणून ठराव टाकला की आक्काताईंची शेळी गुणवत्ता निरीक्षक म्हणून नेमावी. मंजूर झाला. तेव्हापासून शेळीला रोज सकाळी तीन फोटो तपासायला येतात. ती पडदा चाटते. चाटणं म्हणजे पास.

तर त्रिशलाचा ठराव. ती गंमत नव्हती.

ती जाळ्यावर यंत्रांची रेखाटनं करते, म्हणजे रेखाटनांचे तुकडे. एकदा टीव्हीवर कृत्रिम हात लावलेली एक बाई पोळी लाटताना दाखवली, तेव्हा त्रिशला उठून पडद्याजवळ गेली. "श्रेणिक, तो अंगठा बघ. गेल्या श्रावणात मला एक सांधा आला होता. तो असेल का रे?" मी म्हटलं असेल. ती म्हणाली, "असेल म्हणजे काय? माझं आहे की नाही हे मला कळायला नको?" त्या दिवसापासून तिने लिहायला घेतलं. चुरा बंद, म्हणजे कामाचे असे बारीक तुकडे करून वाटणं बंद. तालुक्यात येणारं प्रत्येक काम एका माणसाला किंवा एका छोट्या गटाला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, अख्खं द्यायचं. करणाऱ्याला गिऱ्हाईक माहीत, गिऱ्हाइकाला करणारा माहीत. चाळीस पानं, आणि पुढच्या सोमवारपासून अंमल.

"मग छानच की," मी म्हटलं. "सोमवारी सुरू होईल."

"अरे, यात चुका असतील!" ती म्हणाली. "अख्ख्या कामाला वेळ जास्त लागतो. गिऱ्हाईकं निघून गेली तर? तेराव्या पानावर मी स्वतःच लिहिलंय की हा हिशेब कुणीतरी तपासा. कुणीतरी तपासा असं लिहिलेलं पान एकमताने मंजूर झालंय, श्रेणिक!"

"मागे घे मग."

"मला मागे नाही घ्यायचा. मला तो कुणीतरी वाचायला हवाय."

पोटनियम काढले. एकमताने मंजूर झालेला ठराव आठ दिवसांत फेरविचाराला आणता येतो, अट एकच: निदान एका सभासदाने स्वतः, मुखत्याराशिवाय, विरोध नोंदवलेला हवा. तो सभासद ठराव मांडणाऱ्याच्या घरातला नसावा. एकदा फेरविचार लागला की मुखत्यार बंद, प्रत्येकाने स्वतःच मत द्यायचं.

म्हणजे चौदा हजारांतून एक नकार आणायचा होता. मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम आहे.

पहिल्यांदा आक्काताईंकडे गेलो. त्यांनी दह्याचं पातेलं उचलून मला डबा दाखवला, जणू मी त्याचीच चौकशी करायला आलो होतो.

"आक्काताई, त्रिशलाच्या ठरावाला विरोध करायचा आहे."

"कुणी?"

"तुम्ही."

त्यांनी पातेलं खाली ठेवलं. "श्रेण्या, तुझं आणि तिचं काही झालंय का?"

"नाही ओ. तिलाच हवाय विरोध."

"सोन्यासारखी पोरगी. तिच्या पहिल्या ठरावाला मी आडवी जाऊ? उद्या नळावर तोंड कसं दाखवू?" आणि जाताना त्यांनी मला वाटीभर दही दिलं, त्रिशलाला द्यायला, झालं गेलं विसर म्हणून.

पुढे सगळीकडे हेच. सभासद मला बसवून चहा देत होते आणि समजूत घालत होते. पिठाच्या गिरणीत एकाने तर माझ्यादेखत फोन काढून पुन्हा एकदा मंजुरी दिली. "दोनदा दिली म्हणून सांग वहिनींना." शुक्रवारपर्यंत गावभर झालं होतं की मगदुमांचा श्रेणिक बायकोच्या प्रगतीवर जळतो. दोन ज्येष्ठ माणसं घरी येऊन माझ्याशी बोलून गेली.

"हरकत-तात्या," त्रिशला अचानक म्हणाली.

रायगोंडा खंजिरे हे त्यांचं खरं नाव, पण ते त्यांच्या मुलालाही चटकन आठवत नाही. तीस वर्षांच्या प्रत्येक सभेत मांडवाच्या डाव्या कोपऱ्यातून एकच माणूस उभा राहायचा आणि म्हणायचा, "अध्यक्षमहोदय, माझी हरकत आहे." ते हरकत-तात्या.

"पण मग त्यांच्या मुखत्याराने का नाही विरोध केला?" मी विचारलं.

हे विचारायला आम्ही तात्यांकडेच गेलो. त्यांचा डबा सोप्यात पोत्याखाली झाकून ठेवलेला होता.

"त्याच्यासमोर बोलू नका," तात्या म्हणाले. "फितूर हाय तो. माझ्याच घरात राहतो, माझीच वीज खातो आणि रोज दोनशे ठराव मंजूर करतो. अख्ख्या तालुक्यात माझ्याइतका होयबा दुसरा न्हाई."

"असं कसं झालं?"

"तुझ्या बापाला विचार जा."

माझे वडील, अप्पा, म्हणजे आदगोंडा मगदूम, दूध संस्थेच्या सभेत लाउडस्पीकर सांभाळायचे. तात्या हरकत म्हणायला उठले की अध्यक्ष टोपी सारखी करायचे, आणि अप्पांचं बोट टेबलाखालच्या बटणावर जायचं. माइक बंद. ध्वनिमुद्रणही त्याच माइकवरून व्हायचं. मुखत्याराला तीस वर्षांत तात्यांच्या नावापुढे फक्त शांतता ऐकू आली, आणि पोटनियमात शांतता म्हणजे संमती.

त्रिशलाने हात जोडले. "तात्या, माझ्या ठरावाला हरकत घ्या."

"कुठला ठराव? वाचल्याशिवाय मी हरकत घेत न्हाई. लोकांचा गैरसमज हाय." त्यांनी हात पुढे केला, तिने चाळीस पानं दिली. "वाचतो. पण तोंड उघडायचं का न्हाई ते आदगोंडा इथं आला तरच. बावीस वर्षं आमचं बोलणं न्हाई."

घरी येऊन अप्पांना सांगितलं. अप्पा झोपाळ्यावर बसून पाय चोळत होते.

"तो माझ्याकडं का येत न्हाई?"

"कारण माइक तुम्ही बंद केलात, अप्पा."

"लाइट जायची."

"पंखे चालू असायचे," त्रिशला म्हणाली.

अप्पा झोपाळ्याच्या कडीकडे बघू लागले. त्यांच्या सुनेने त्यांना आजवर उलटून उत्तर दिलं नव्हतं, त्यामुळे ते कसं घ्यायचं याचा त्यांना सराव नव्हता. "आवाज कापला न्हाई तर सभा संध्याकाळपर्यंत चालायची, पोरी," ते म्हणाले. "भजी गार व्हायची."

"मला गार चालतील."

रविवारी सकाळी अप्पांनी माळ्यावरून जुना अँप्लिफायर काढला. मी हातगाडी ढकलली, ते माइक छातीशी धरून पुढे चालले. तात्यांच्या अंगणात त्यांनी टेबल मांडून वायरी जोडल्या, कर्णा कडुलिंबाला बांधला आणि माइक तात्यांच्या समोर धरला.

"चालू हाय का?" तात्यांनी विचारलं.

"चालू हाय. बघ फुंकून."

तात्यांनी फुंकलं. कर्ण्यातून वादळासारखा आवाज आला आणि शेजारच्या छपरावरची कबुतरं उडाली. तात्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी हसू म्हणणार नाही, पण दात दिसले. मग त्यांनी पोत्याखालचा डबा बाहेर काढला, नातवाला न विचारता सात पडदे उलगडत गेले आणि विरोधाचं बटण दाबलं. डब्याने विचारलं, नक्की? तात्या म्हणाले, "तुझ्या बापानं विचारलं न्हवतं, तू कोण?" आणि पुन्हा दाबलं.

तालुक्यातल्या चौदा हजार डब्यांवर एकदम लाल दिवा लागला. फेरविचार. आळतवाडीचे लोक चालत आले, बाकीचे डब्यांतून ऐकत होते. आक्काताई शेळीसकट आल्या.

"अध्यक्षमहोदय," तात्यांनी सुरुवात केली. अध्यक्ष कुणीच नव्हते.

"मंजूर! मंजूर!" अंगणातून आवाज उठला.

"गप्प बसा!" हा आवाज अप्पांचा होता. "माइक चालू हाय, दिसत न्हाई का?"

तात्यांनी चष्मा लावला. "पान तीन. ओळ शेवटची. 'यंत्रं, करार, उपचार इत्यादी कामं.' इत्यादीत काय काय येतं?"

अंगणात कुणीतरी कण्हलं. तात्यांची ही जगप्रसिद्ध हरकत होती. पण त्रिशला उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "चांगला प्रश्न आहे. भाषांतरं येतात. आणि बँडची गाणी. ती मी विसरले होते." तिने पेनने तिथे लिहिलं.

तात्या जरा गडबडले. उत्तर मिळायची त्यांना सवय नव्हती.

"पान तेरा," ते पुढे म्हणाले, आवाज थोडा मऊ. "गिऱ्हाईक चुऱ्याच्या वेगाला सरावलंय. उशीर झाला तर पळणार का न्हाई?"

"पळेल. किती पळतील ते मला माहीत नाही."

"माहीत न्हाई म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही, तात्या. म्हणूनच तुम्हाला विचारायला आले."

यावर अप्पांनी सवयीने टेबलाखाली हात घातला आणि तिथे बटण नाही हे आठवून परत काढला. आमच्या गावात ठराव मांडणाऱ्याच्या बाजूने 'माहीत नाही' हे शब्द प्रथमच आले होते. लोकांनी खुर्च्या पुढे ओढल्या. गिरणीवाला उठला. त्याला अख्खं काम हवं होतं, पण दळणाच्या हंगामात नको. डब्यातून कुरुंदवाडची एक बाई बोलली: तिचं लेकरू दर वीस मिनिटांनी उठतं, तिला चुराच बरा. कुणी म्हटलं, आधी एका गावात करून बघा. कुणी म्हटलं, ते गाव आमचं नको. आक्काताई हात वर करून उभ्या राहिल्या आणि आठवडाभराची कोंडी फोडून म्हणाल्या, "शेळीला पण अख्खं काम मिळणार असेल तर माझा विरोध आहे. तिला झेपायचं नाही."

दुपारी मतदान झालं. चौदा हजार माणसांनी आपापल्या बोटाने मत दिलं. ठराव पडला. थोडक्यात नाही, चांगला दणकून पडला. मंजूर झालं ते एवढंच: आळतवाडीने वर्षभर अख्ख्या कामाचा प्रयोग करावा, ज्याला हवं त्यानेच.

घरापर्यंतचं अंतर पाच मिनिटांचं आहे. त्रिशलाला दीड तास लागला. दर दोन घरांनी कुणीतरी तिला थांबवून पान सातवर काय चुकलंय ते सांगत होतं, आणि ती रस्त्यात उभी राहून, उन्हात, लिहून घेत होती. मागे अप्पा आणि तात्या हातगाडीवर दोन बाजूंनी हात ठेवून येत होते. गाडी कुठल्या बाजूने वळवायची यावर त्यांचा वाद चालू होता.

"आदगोंडा, तुझी सून हरली का जिंकली?"

"हरली."

"मग हसतीय का?"

"ते तिला विचार. मी कुणाच्या बोलण्यात मध्ये पडायचं सोडलंय."

जेवायला बसलो तेव्हा सगळं गार झालं होतं. त्रिशलाने पानात भात घेतला, कालवला, आणि घास उचलायच्या आधी माझ्याकडे बघितलं.

"तू काय मत दिलंस?"

फेरविचारात घरच्यांनाही मत असतं. मी आदल्या रात्री चाळीसच्या चाळीस पानं वाचली होती, तक्त्यासकट. मला खोटं बोलता आलं असतं. सहा वर्षांच्या संसारात मी तिच्या प्रत्येक गोष्टीला मंजूर म्हणत आलो होतो, भाजीपासून पडद्यांपर्यंत, आणि त्याने कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

"नामंजूर," मी म्हणालो.

तिने घास खाली ठेवला. "का?"

"भीती वाटली. आत्ता माझी चूक चौदा हजारांत वाटली जाते, कुणाच्या वाट्याला चिमूटभर पण येत नाही. अख्खं काम मिळालं की चूकही अख्खी माझीच. एक फासळी चुकली आणि माणूस दारात येऊन उभा राहिला, तर मी त्याच्याशी काय बोलायचं?"

मला वाटलं, आता पुन्हा ज्येष्ठ माणसं घरी येणार.

"हे कितव्या पानावर आहे?" तिने विचारलं.

"कुठल्याच पानावर नाही. तू यावर काही लिहिलंच नाहीयेस."

त्रिशलाने ताट बाजूला सारलं, भाताच्या हाताने फळीवरचं पेन काढलं आणि मांडी घालून माझ्या समोर सरकून बसली. दीड वर्षात तिचा चेहरा मी इतका खूश पाहिला नव्हता.

"सांग पुन्हा," ती म्हणाली. "सावकाश. पहिल्यापासून सांग."